मुंबई ते न्यू यॉर्क : अंतर एकच असताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का?

प्रश्न राजारामपुरीतील एका निवृत्त भूगोल शिक्षकांचा आहे. त्यांची मुलगी न्यू यॉर्कला असते आणि येत्या जानेवारीत पतिपत्नी पहिल्यांदाच तिच्याकडे निघाले आहेत. अंतर काढून देणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांना १२,५३०, दुसऱ्यावर ६,७६६ आणि तिसऱ्यावर ७,७८६ असे आकडे मिळाले आणि उड्डाणाचा वेळ सुमारे चौदा तास असल्याचे कळले. थेट विमानाच्या तिकिटावर मात्र जाताना सोळा तास आणि येताना चौदा तास लिहिलेले आहेत. त्यातच, निघण्याची वेळ रात्री दीडची आणि पोहोचण्याची त्याच दिवशी सकाळी सातची असल्यामुळे घड्याळाप्रमाणे प्रवास साडेपाच तासांतच उरकतो. यातले खरे काय मानावे आणि कोल्हापुरातल्या घराला कुलूप लावल्यापासून एकूण किती वेळ धरावा, असे त्यांनी विचारले आहे. विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन कक्षात, आमच्या बोलीत डिस्पॅचमध्ये, माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली असल्यामुळे हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

सर, आपल्याला मिळालेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते एकच अंतर तीन मापांत सांगतात. १२,५३० हे किलोमीटर आहेत, ७,७८६ हे रस्त्यावरचे मैल आहेत आणि ६,७६६ हे सागरी मैल आहेत. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि वैमानिक व आम्ही मंडळी त्याच मापात बोलतो. वेगही ताशी सागरी मैलांत, म्हणजे नॉटमध्ये मोजतो. एखाद्या संकेतस्थळावर दहावीस किलोमीटरचा फरक दिसला तर तो मनावर घेऊ नये. कोणी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल धरून हिशेब करतो, तर कोणी ती ध्रुवांपाशी चपटी आहे हे लक्षात घेऊन करतो, एवढाच तो भेद आहे.

हे अंतर कोणत्या वाटेवरचे, हे मात्र पाहिले पाहिजे. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यू यॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक यांवरून जाते. त्या रेघेवरून, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून विमान नेले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. आपल्याकडे पृथ्वीगोल असेलच. त्यावर मुंबईला आणि न्यू यॉर्कला बोट ठेवून दोरा ताणून धरा. तो पश्चिमेकडे न जाता सरळ वायव्य-उत्तरेला चढतो. सिंधमधल्या लारकान्याजवळून, अफगाणिस्तानच्या नैर्ऋत्य भागावरून, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून तो मॉस्कोच्या आग्नेयेला पोहोचतो, हेलसिंकीच्या किंचित उत्तरेने जातो, आइसलंडच्या पूर्वेला समुद्रावर जवळजवळ पासष्ट अंश उत्तर अक्षांश गाठतो आणि तिथून वळून ग्रीनलंडचे दक्षिण टोक व लॅब्राडोर करीत न्यू यॉर्कला उतरतो. सपाट नकाशावर हीच वाट मोठ्या कमानीसारखी वाकडी दिसते, पण गोलावर तिच्याहून जवळची वाट नाही. १२,५३० किलोमीटर हे या दोऱ्याचे माप आहे. नकाशातल्या ‘सरळ’ रेघेपेक्षा ते साडेसोळाशे किलोमीटरहून अधिक कमी आहे, म्हणजे वेळेत बोलायचे तर जवळजवळ दोन तास वाचतात.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरूनही जात नाही. दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची नावे पुन्हा एकदा पाहिली तर कारण लक्षात येईल. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झाले होते. अफगाणिस्तानवर ऑगस्ट २०२१ नंतर नेहमीसारखे हवाई नियंत्रण राहिले नाही. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना झाले नाही. त्यामुळे एकाच शहराहून एकाच शहराला जाणारी, पण वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जातात. मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे दिल्लीच्या मानाने तिला पाकिस्तानच्या बंदीची झळ कमी लागते. अरबी समुद्रावरून बाहेर पडून आखात, तुर्कस्तान आणि युरोप अशी वाट धरता येते. या वळणांमुळे आणि ठरलेल्या हवाई मार्गांमुळे जमिनीवरून मोजलेले अंतर वाढते. पुढच्या हिशेबासाठी ते १३,००० किलोमीटर धरू. प्रत्यक्षात ते रोज थोडे वेगळे असते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. जमिनीवरचे अंतर जाताना आणि येताना सारखे धरले, तरी विमानाला तोडावे लागणारे अंतर सारखे नसते, कारण विमान हवेतून चालते आणि ती हवा स्वतःच कुठेतरी निघालेली असते. पंचगंगेला पाणी असताना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध पोहलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्या कामात यासाठी ‘हवेतले अंतर’ असा वेगळा हिशेबच असतो आणि इंधन त्या अंतरावर ठरते, नकाशावरच्या अंतरावर नाही.

उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती जो नियोजनाचा कागद जातो, त्यावर वाटेतल्या प्रत्येक बिंदूसमोर उंची, वाऱ्याची दिशा व वेग, बाहेरचे तापमान, पुढच्या बिंदूपर्यंतची मिनिटे आणि तिथे टाकीत उरणारे इंधन छापलेले असते. या बिंदूंना पाच अक्षरांची, उच्चारता येतील अशी पण बहुधा अर्थ नसलेली नावे असतात. कागदाच्या माथ्यावर सगळ्या वाटेवरच्या वाऱ्याची सरासरी एका आकड्यात दिलेली असते. ‘एम २८’ लिहिले असेल तर सरासरी २८ नॉटचा वारा समोरून आहे आणि ‘पी ३८’ लिहिले असेल तर ३८ नॉटचा पाठीवर आहे, असे वाचायचे. अनुभवी वैमानिक कागद हाती येताच पहिल्यांदा हा आकडा आणि एकूण इंधन पाहतो. बाकीचे मग निवांत वाचतो.

हेच दोन आकडे घेऊन आपला प्रवास मांडू. बोइंग ७७७ सारखे विमान पस्तीस हजार फुटांवर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८४ पट, म्हणजे भोवतालच्या हवेच्या संदर्भात ताशी साधारण ९०० किलोमीटरने चालते. जाताना समोरून २८ नॉट, म्हणजे ताशी ५२ किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ८४८ उरतो आणि १३,००० किलोमीटरला १५ तास २० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात विमानाने हवेतून कापलेले अंतर १३,८०० किलोमीटर होते. येताना ३८ नॉट, म्हणजे ताशी ७० किलोमीटरचा वारा पाठीवर असेल, तर वेग ९७० होतो, प्रवास १३ तास २४ मिनिटांत संपतो आणि हवेतले अंतर १२,०६० किलोमीटर भरते. तेच विमान, त्याच दोन शहरांमध्ये, एका बाजूने जवळजवळ पावणेदोन हजार किलोमीटर जास्त चालले. म्हणूनच, नुसत्या अंतराला ९०० ने भागून ‘चौदा तास’ सांगणाऱ्या संकेतस्थळाचे उत्तर कोणत्याच दिशेला नेमके लागू पडत नाही.

समोरून येणारा वारा म्हणजे मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह. हिवाळ्यात उत्तर भारतावर आणि उत्तर अटलांटिकवर तो सर्वांत जोरात असतो. ताशी दोनशे किलोमीटर ही त्याच्या गाभ्यातली नवलाची गोष्ट नव्हे. तो अरुंद आणि नागमोडी असतो, म्हणून नियोजनाचे निम्मे कौशल्य जाताना त्याला वळसा घालण्यात आणि येताना त्याच्यात शिरण्यात आहे. उत्तर अटलांटिकवर तर कॅनडातले गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडकडचे शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे त्या दिवशीचा वारा पाहून समुद्रावरचे मार्ग रोज नव्याने आखतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे वेगळे आणि पूर्वेकडे येणाऱ्यांचे वेगळे. पाठीवरचा वारा काय करू शकतो याचे गाजलेले उदाहरण ९ फेब्रुवारी २०२० चे आहे. ‘सिएरा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

भूगोलाचे शिक्षक असल्यामुळे आपल्याला एक गोष्ट आवडेल. पावसाळ्यात दक्षिण भारताच्या डोक्यावर हे चित्र उलटते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे खाली नैर्ऋत्येचा वारा पाऊस आणत असतो, तेव्हा वर बारा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहत असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये या पूर्व जेट प्रवाहाचे वर्णन केले. त्यामुळे पावसाळ्यात मुंबईहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला पहिल्या टप्प्यात वारा पाठीवर मिळतो. जानेवारीत ही सवलत नाही. आपल्या तिकिटावरचे सोळा तास त्यामुळेच थोडे जास्त वाटतात.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असा तर्क पुष्कळ जण करतात. विमान जमिनीवर उभे असतानाच पृथ्वीबरोबर फिरत असते आणि वातावरणही तिच्याबरोबरच फिरते, त्यामुळे उड्डाण केल्यावर पृथ्वी खालून सरकून जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे, पण तो आडवळणाने : त्या फिरण्यामुळे वारे वळतात आणि जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

लांबची वाट कमी वेळाची कशी ठरते, हे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गाने दाखवून दिले आहे. एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात झाली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजाराहून अधिक किलोमीटर लांब होती. पण सगळीकडे वारा पाठीवर असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचू लागले. न्यू यॉर्कसाठी ही युक्ती मुंबईहून चालत नाही, कारण पूर्वेकडून जायचे तर फेरा फारच मोठा पडतो.

समोरून वारा असेल तर वेग का वाढवत नाहीत, असेही विचारले जाते. ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाताना विमानाला होणारा हवेचा विरोध एकाएकी वाढतो, त्यामुळे मिळणारी मिनिटे थोडी आणि जळणारे इंधन फार, असा तो सौदा होतो. या आकाराचे विमान ताशी सात-साडेसात टन इंधन जाळते. जास्तीचे भरून घेऊ म्हणावे, तर ते वाहून नेण्यासाठीच त्याचा दर तासाला तीन-चार टक्के भाग खर्ची पडतो. पंधरा तासांच्या उड्डाणाला निघताना घेतलेल्या जादा दहा टनांपैकी पोहोचेपर्यंत पाच-सहा टनच शिल्लक राहतात.

विमान हवेत १५ तास २० मिनिटे असेल, तर तिकिटावर सोळा तास का? तिकिटावरचा वेळ मुंबईत चाकांपुढचे अडसर काढल्यापासून न्यू यॉर्कला पुन्हा अडसर लावेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रात्री एक ते तीनच्या सुमारास परदेशी विमानांची रांग लागते. न्यू यॉर्कला उतरल्यावरही दारापर्यंत पोहोचायला दहा-वीस मिनिटे जातात. परतीला जानेवारीत आणखी एक कारण असते : बर्फ पडत असेल तर पंखांवरचे बर्फ द्रव फवारून काढल्याखेरीज विमान सोडत नाहीत आणि त्यासाठीही रांग असते. कंपन्या हा सगळा वेळ मागच्या हंगामांचा अनुभव पाहून वेळापत्रकात घालतात. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलते, तेव्हा त्याच उड्डाणाचे तासही दहावीस मिनिटांनी बदललेले दिसतात. ‘विमान अर्धा तास आधी उतरले’ म्हणून प्रवासी खूश होतात, त्यात वैमानिकाच्या वेगापेक्षा वेळापत्रकातली ही राखीव मिनिटेच बहुधा कारणी लागलेली असतात.

घड्याळाचे कोडे सोपे आहे. हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. रात्री दीडला निघून सोळा तासांनी पोहोचाल तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. त्यातून साडेदहा वजा केले की सकाळचे सात होतात. परतीला सकाळी साडेअकराला निघालात तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा असतात आणि चौदा तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, आपण मुंबईत. घड्याळाप्रमाणे जाताना साडेपाच तास, येताना साडेचोवीस. दोन्हींची बेरीज तीस आणि सोळा अधिक चौदा यांचीही तीसच. कुठल्याही दोन शहरांचे जाण्यायेण्याचे तिकीट हाती असेल तर वेळेतला फरक माहीत नसतानाही हा ताळा करता येतो. अट एकच आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा आपण एप्रिलमध्ये परतणार असाल तर फरक साडेनऊ तासांचा होईल आणि बेरीज एका तासाने चुकेल.

थेट विमान महाग पडते म्हणून मधे थांबणारे घ्यावे का, असे आपण लिहिले नसले तरी तो विचार मनात येणारच. अंतराच्या दृष्टीने थांबा आश्चर्य वाटावा इतका स्वस्त आहे. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-न्यू यॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याच्या मापापेक्षा फक्त चारशे जास्त. लंडनमार्गे तर ७,२१० आणि ५,५४० मिळून जेमतेम सव्वादोनशेची भर पडते, कारण ही शहरे त्या कमानीपासून फार दूर नाहीत. वेळ खातो तो थांबा : उतरणे, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसऱ्या विमानाची वाट पाहणे आणि पुन्हा चढणे यांत तीन-चार तासांच्या खाली निभावत नाही. माझे मत विचाराल तर साठीच्या पुढच्या माणसाने सलग सोळा तास बसण्यापेक्षा मधे दोन-तीन तास पाय मोकळे करणे वाईट नाही; मात्र थांबा दीड तासाचा दाखवत असतील तर तो घेऊ नये आणि तिकीट एकच, सामान थेट शेवटच्या ठिकाणी, एवढे पाहून घ्यावे.

कोल्हापूर ते मुंबई हा टप्पा मी सर्वांत जास्त जपून धरतो. उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळाहून मुंबई विमानतळ हवेतून जेमतेम ३१० किलोमीटर आहे, रस्त्याने मात्र पावणेचारशेच्या पुढे. विमान घेतले आणि ते वेगळ्या तिकिटावर असले, तर ते रद्द झाल्याची जबाबदारी न्यू यॉर्कला नेणारी कंपनी घेत नाही. आदल्या दिवशीचे घ्यायचे असेल तरच त्या वाटेला जावे. ते मुंबईत कोणत्या टर्मिनलला उतरते तेही विचारून ठेवावे, कारण पहिल्या टर्मिनलहून दुसऱ्याला जायला रस्त्यावर यावे लागते. गाडीने जाणार असाल तर सातारा-कागल रस्त्याची कामे, खंबाटकी आणि पुण्याची संध्याकाळ धरून आठ तास आणि वर दोन तास हाताशी ठेवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून दिवस नातेवाइकांकडे काढणे हा जुना मार्ग आहे आणि मध्यरात्रीच्या विमानासाठी मला आजही तोच निर्धास्त वाटतो. जुलै-ऑगस्टात जाणाऱ्यांनी एक दिवस आधीच निघावे. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूर बाहेरच्या जगापासून तुटले, हे आपल्याला ठाऊकच आहे. जानेवारीत ती भीती नाही.

तेव्हा गाडीचा हिशेब असा लागतो : दुपारी बाराला घर सोडावे, रात्री दहा-साडेदहापर्यंत विमानतळावर पोहोचावे, दीडला उड्डाण, आपल्या संध्याकाळी साडेपाचला न्यू यॉर्क आणि तिथली पासपोर्ट तपासणी व सामान यांसाठी दीड-दोन तास. मुलगी भेटेपर्यंत दारापासून दारापर्यंत एकतीस-बत्तीस तास होतात, त्यातले विमानातले सोळा. परतीला दुपारी बाराला उतरून दीड-दोनला बाहेर याल. तेव्हा लगेच गाडीत बसून रात्री अकरा-बारापर्यंत घर गाठण्यापेक्षा मुंबई किंवा पुण्यात रात्र काढून सकाळी निघावे, कारण विमानतळाबाहेर पडताना आपल्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे तीन-चार वाजलेले असतील.